मदत हवी आहे : टॉवेल कारखान्यातील वायफायसाठी एआय व्यवस्था घ्यावी का?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीमध्ये आमचा टेरी टॉवेलचा कारखाना असून माग खाते, शिलाई खाते आणि गोदाम मिळून वायफायचा सिग्नल पुरवणारे नऊ अ‍ॅक्सेस पॉइंट बसवलेले आहेत. गठ्ठ्यांवरील बारकोड वाचणारे स्कॅनर माग खात्याच्या भिंतीजवळ आले की दहा-पंधरा सेकंद अडकतात. कामगार स्कॅनर डोक्यावर धरून दारापर्यंत चालत जातो, तेव्हा कुठे नोंद चढते.

वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १, ६ आणि ११ हे एकमेकांवर न येणारे चॅनेल आलटून पालटून लावून पाहिले. प्रक्षेपणशक्ती वाढवली, तर त्रास उलट वाढला. केबलने जोडलेल्या संगणकावर त्याच वेळी काम सुरळीत चालते, त्यामुळे इंटरनेट लाइनचा दोष नाही. स्कॅनर जुने आहेत, ५ गिगाहर्ट्झ पकडत नाहीत आणि यंदा बदलता येणार नाहीत.

पुरवठादार आता क्लाउडवरून चालणारी एआय व्यवस्था सुचवतो. ती चॅनेल आणि शक्ती आपोआप ठरवते व एखाद्या उपकरणाची वायफाय जोडणी का तुटली याचे कारणही सांगते, मात्र तिला वार्षिक परवाना लागतो. एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर कधी जायचे हे शेवटी स्कॅनरच ठरवतो, ही माझी मुख्य शंका आहे.

लोखंडी यंत्रांच्या दाटीत अशी व्यवस्था प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी कृपया सांगावे : जुन्या स्कॅनरचे अडकणे तिने खरोखर कमी झाले का, आणि परवाना संपल्यावर अ‍ॅक्सेस पॉइंट चालू राहतात का?