सिसिलीत पाच दिवस: भग्नावशेषांना किती द्यावेत आणि गावांना किती?

एप्रिलच्या अखेरीस आम्हा दोघांना सिसिलीत पूर्ण पाच दिवस मिळणार आहेत. बेट म्हटले की ते सहज पालथे घालता येईल असा समज होतो. परंतु सिसिली हे भूमध्य समुद्रातले सर्वांत मोठे बेट असून त्याचे क्षेत्रफळ २५,००० चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. सिराकूसाहून अग्रिजेंतोला मोटारीने जायलाच सुमारे तीन तास लागतात. म्हणून आम्ही पश्चिमेचा अर्धा भाग सोडून देण्याचे ठरवले आहे आणि तो निर्णय योग्य का वाटतो, हे येथे मांडत आहे.

सहलीची आखणी करताना बहुतेक जण एक दिवस अवशेषांना आणि एक दिवस देखण्या गावांना अशी वाटणी करतात. मला ती मुळातच चुकीची वाटते, आणि त्याचे कारण सिराकूसाचा जुना भाग, म्हणजे पुलांनी जोडलेले ओर्तिजिया हे छोटे बेट. कॉरिंथहून आलेल्या ग्रीकांनी इ.स.पू. ७३४ च्या सुमारास येथे वसाहत केली. तेथील कॅथेड्रल बाहेरून १८व्या शतकातले दिसते; पण आत शिरल्यावर भिंतीत रुतलेले जाडजूड डोरिक (साध्या, भक्कम ग्रीक धाटणीचे) स्तंभ दिसू लागतात. इ.स.पू. ५व्या शतकात बांधलेल्या अथेनाच्या मंदिराच्या स्तंभांमधल्या मोकळ्या जागा पुढे चिणून भिंती केल्या गेल्या, गाभाऱ्याच्या भिंतींत कमानी कोरल्या गेल्या आणि मंदिराचे चर्च झाले. देवता बदलली, पण सुमारे अडीच हजार वर्षे लोक त्याच छपराखाली प्रार्थनेसाठी येत राहिले. याला अवशेष म्हणावे की गाव? माझ्या मते जेथे हा प्रश्नच उरत नाही, तेथेच मोजक्या दिवसांचा मुक्काम करावा.

आमचा बेत असा आहे. पहिले दोन दिवस ओर्तिजिया आणि नेआपोलिस, म्हणजे ग्रीक रंगमंडल व दगडाच्या खाणी. इ.स.पू. ४१३ मध्ये पराभूत झालेल्या अथेन्सच्या सैनिकांना सिराकूसाच्या अशाच खाणींत डांबून ठेवले होते, आणि त्यांतले कित्येक तेथेच मेले. तिसऱ्या दिवशी नोतो आणि रागूसा ईब्ला, म्हणजे रागूसाचा जुना भाग. चौथ्या दिवशी पियात्सा आर्मेरिनाजवळचा रोमन प्रासाद पाहून अग्रिजेंतोला मुक्काम. पाचव्या दिवशी सकाळी तेथील मंदिरे आणि मग कातानियाहून परतीचे विमान. आपली मते, विशेषतः विरोधी मते, जरूर कळवावीत.

प्रतिसाद १

आपला ओर्तिजियाविषयीचा युक्तिवाद आवडला, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मंदिराचे चर्च झाले म्हणून ते टिकले, हे खरे आहे. अग्रिजेंतोचे कॉन्कॉर्दिया मंदिरही ६व्या शतकात चर्च झाल्यामुळेच आज जवळजवळ संपूर्ण उभे आहे. म्हणजे आपल्या बेतात टिकलेल्याच वास्तू अधिक आहेत. भग्नावशेष म्हणजे काय, हे ज्याला अनुभवायचे आहे, त्याने नैऋत्य किनाऱ्यावरचे सेलिनुंते हे प्राचीन ग्रीक शहर टाळता कामा नये.

इ.स.पू. ४०९ मध्ये उत्तर आफ्रिकेतील कार्थेजने हे शहर उद्ध्वस्त केले आणि पूर्वीचे वैभव त्याला पुन्हा कधीच लाभले नाही. आज तेथे समुद्राकडे उतरणाऱ्या गवताळ पठारावर शिळांचे डोंगर पसरलेले आहेत. त्यांतले ‘जी’ (G) या अक्षराने ओळखले जाणारे मंदिर शंभर मीटरांहून लांब होते. त्याच्या स्तंभांचे तुकडे माणसाच्या उंचीहून मोठे आहेत आणि ते ज्या क्रमाने कोसळले, तो क्रम आजही वाचता येतो. याहून विलक्षण जागा म्हणजे तेथून काही किलोमीटरांवरच्या कूसाच्या खाणी. स्तंभांसाठी गोलाकार कापायला घेतलेले प्रचंड दगड तेथे अजून कातळालाच चिकटलेले आहेत. काही पुरे कापून झाले होते, फक्त वाहून न्यायचे राहिले होते. काम थांबले ते कायमचेच. मी तेथे तासभर एकाच दगडाजवळ उभा होतो. छिन्नीच्या खुणांवर हात फिरवल्यावर इतिहासाचे एखादे पान वाचण्यापेक्षा अधिक काही समजले, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

गावांच्या बाबतीतही पश्चिम आणि उत्तर बाजू कमी नाही. पालेर्मोहून रेल्वेने सुमारे तासाभरात चेफालू येते. समुद्रकिनारा, उभा कातळ आणि सिसिलीचा नॉर्मन राजा दुसरा रॉजर याने ११३१ मध्ये बांधायला घेतलेले कॅथेड्रल हे सारे तेथे एका नजरेत मावते. पालेर्मोच्या राजवाड्यातील प्रार्थनागृहात बायझँटिन मोझॅकच्या वर अरबी शैलीतले कोरीव लाकडी छत आहे. अशी सरमिसळ आपल्याला पूर्वेकडे दिसणार नाही. पालेर्मोत चार रात्री राहून सेजेस्ता, सेलिनुंते, मोनरेआले आणि चेफालू आरामात होतात, आणि सामान एकदाच उघडावे लागते.

प्रतिसाद २

वरील दोन्ही लेखनांत गावांना दुय्यम स्थान मिळाले आहे आणि त्याला माझा आक्षेप आहे. गाव म्हणजे दोन अवशेषांच्या मधला विसावा, चहा-कॉफीची जागा, असे आपण धरून चालतो. नोतोबद्दल तरी असे म्हणता येणार नाही.

११ जानेवारी १६९३ च्या भूकंपाने सिसिलीचा हा आग्नेय भाग जमीनदोस्त केला. जुने नोतो डोंगरावर होते. ते सोडून काही किलोमीटरांवर संपूर्ण नवे शहर आखण्यात आले. आज आपण ज्या मधाळ रंगाच्या दगडी इमारतींची छायाचित्रे काढतो, त्या एका सर्वनाशानंतर माणसांनी एकत्र येऊन घेतलेल्या निर्णयाच्या खुणा आहेत. रागूसामध्ये याच्या उलट घडले: काहींनी वरच्या पठारावर नवे गाव वसवले, तर काहींनी ईब्ला सोडायला नकार देऊन जुन्याच जागी घरे उभारली. नोतो, रागूसा, मोदिका, शिक्ली यांच्यासह आठ गावांचा २००२ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तो याच पुनर्बांधणीसाठी. नोतोच्या कॅथेड्रलचा घुमट १९९६ मध्ये कोसळला आणि २००७ मध्ये ते पुन्हा खुले झाले, म्हणजे ही गोष्ट अजून संपलेली नाही. असे गाव रागूसासोबत एका दिवसात उरकणे हा मला त्याचा अनादर वाटतो. ही गावे सायंकाळी, उन्हे तिरपी झाल्यावर आणि दिवसभराचे प्रवासी परतल्यावर पाहावीत. त्यासाठी तेथेच रात्रीचा मुक्काम हवा.

दुसरा मुद्दा अनुभवातून सांगते. आम्ही वृद्ध आईवडिलांना घेऊन ऑगस्टमध्ये गेलो होतो. नेआपोलिसच्या उघड्या पायऱ्यांवर दुपारी बाराला आईला चक्कर आली आणि पुढचे दोन दिवस खोलीतच गेले. सिराकूसाजवळ ११ ऑगस्ट २०२१ रोजी ४८.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, आणि युरोपातला तो उच्चांक आहे. एप्रिलमध्ये एवढा त्रास होणार नाही, हे मान्य. परंतु हा धागा वाचून इतर कोणी उन्हाळ्याचा बेत आखतील, त्यांनी अवशेषांची संख्या निम्म्यावर आणावी. मी आपल्या जागी असते तर अग्रिजेंतो पूर्ण वगळून मोदिका किंवा शिक्लीला दोन रात्री दिल्या असत्या.

प्रतिसाद ३

केवळ व्यवहाराचे सांगतो. मोटार घेणार असाल तर ओर्तिजियासह अनेक जुन्या वस्त्यांत ठरावीक वेळी बाहेरच्या वाहनांना प्रवेश नसतो. तेथे कॅमेरे बसवलेले आहेत आणि दंडाचे पत्र नंतर येते, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी आधी विचारून घ्यावे. ओर्तिजियात असताना मोटारीची गरजच नाही. ती तिसऱ्या दिवशी सकाळी घ्यावी. लहान चर्च दुपारी बंद असतात, तेव्हा गावांसाठी सकाळ किंवा संध्याकाळ राखावी आणि दुपार प्रवासात घालवावी. पाच दिवसांत सगळ्या बेटाची प्रदक्षिणा करण्याचा मोह मात्र कोणीही धरू नये, एवढ्यापुरते माझे मूळ लेखनाशी एकमत आहे.

मूळ लेखकाचे उत्तर

प्रतिसाद २ मधील नोतोविषयीचे म्हणणे मला पटले, आणि ते माझ्याच युक्तिवादाच्या जवळचे आहे, हे माझ्या आधी लक्षात यायला हवे होते. डोंगरावरच्या जुन्या नोतोचे अवशेष आजही पाहता येतात. एकाच शहराचे मृत आणि जिवंत असे दोन्ही देह एका दिवसात पाहायला मिळत असतील, तर रागूसा सोडलेले बरे. तिसऱ्या दिवशी सकाळी जुने नोतो, संध्याकाळी नवे, आणि रात्री तेथेच मुक्काम, असा बदल मी करत आहे.

अग्रिजेंतो मात्र मी वगळणार नाही. ज्याला मंदिरांची दरी म्हणतात, ती प्रत्यक्षात डोंगरधार आहे, आणि तिच्यावर ओळीने उभी असलेली मंदिरे एका बाजूला समुद्र व दुसऱ्या बाजूला शहर ठेवून पाहण्याची सर दुसऱ्या कशाला येणार नाही. शिवाय तेथे केवळ टिकलेलेच आहे, असेही नाही. ऑलिंपियन झ्यूसचे अवाढव्य मंदिर इ.स.पू. ४०६ मध्ये कार्थेजने शहर घेतले तेव्हा अपुरेच होते, आणि आज त्याचा केवळ ढिगारा उरला आहे. त्याचा भार पेलणाऱ्या दगडी पुरुषांपैकी एक, सुमारे साडेसात मीटर उंचीचा, तेथील संग्रहालयात उभा करून ठेवला आहे.

प्रतिसाद १ चे पुन्हा उत्तर

अग्रिजेंतोचा ढिगारा आणि सेलिनुंतेचा ढिगारा यांत फरक आहे. अग्रिजेंतोच्या दगडांचा पुढच्या काळात बांधकामासाठी खाणीसारखा उपयोग केला गेला. सेलिनुंतेत पडलेले बरेचसे जागच्या जागी पडून राहिले. तरीही आपला नवा बेत पाहिल्यावर एक मार्ग सुचतो. अग्रिजेंतोहून सेलिनुंते मोटारीने सुमारे दीड तासावर आहे आणि तेथून पालेर्मोचा विमानतळ त्याहूनही थोडा जवळ पडतो. परतीचे विमान कातानियाऐवजी पालेर्मोहून घेतले, तर पाचव्या दिवसाची सकाळ सेलिनुंतेला देता येईल. त्यासाठी अग्रिजेंतोची मंदिरे चौथ्या दिवशी संध्याकाळी पाहावी लागतील, आणि तशीही त्या दगडाचा रंग मावळतीच्या उन्हातच खुलतो. अडचण एकच आहे: पियात्सा आर्मेरिना त्याच दिवशी सकाळी लवकर उरकावे लागेल किंवा सोडावे लागेल.

मूळ लेखकाचे उत्तर

पालेर्मोहून परतण्याचा विचार मी केला नव्हता, आणि तो मला मनापासून आवडला. परंतु रोमन प्रासादातले मोझॅक सोडणे शक्य नाही. ४थ्या शतकातल्या त्या महाशिकारीच्या चित्राची पट्टी सुमारे ६० मीटर लांब आहे, आणि तिच्या एका टोकाला हत्ती व वाघ यांच्यामध्ये बसलेली स्त्री म्हणजे भारत, असे काही अभ्यासक मानतात. तेव्हा नोतोहून पहाटे निघून दार उघडताच प्रासादात शिरायचे, दुपारपर्यंत अग्रिजेंतो गाठायचे आणि संध्याकाळ मंदिरांसाठी ठेवायची. मोटार एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात परत केल्यास जादा भाडे पडते. ते किती, हे आज विचारून ठेवतो आणि ते परवडणारे असेल तर सेलिनुंते बेतात धरतो.