दहावीत खो-खो चालू ठेवावा का?

मुलगी दहावीत. घर ऐरोलीला, शाळा वाशीला. संध्याकाळी खो-खोचा सराव, मग क्लास, रात्री एकपर्यंत जागरण. बीजगणित बरं आहे, भूमितीचा पेपर मात्र अर्धवट राहतो. खेळ बंद करू का?

उत्तर १: खेळ राहू द्या, आधी पेपर बघा. 40 गुणांना 120 मिनिटं. पहिल्या प्रश्नाचे 8 गुण पंधरा मिनिटांत उरकायला हवेत. वेळ खातो दुसरा: 'ब'मध्ये पाचपैकी चारच सोडवायचे, मुलं पाचही सोडवतात. 'अ'मधल्या कृतीत फक्त चौकटी भरायच्या, तिथे अख्खं प्रमेय लिहीत बसतात! मग चौथ्याला, म्हणजे 8 गुणांना, घाई. रचनेत आधी कच्ची आकृती काढा, पेन्सिल टोकदार ठेवा आणि कंपासने काढलेले कंस पुसू नका. पुसले की रचना कशी केली ते तपासणाऱ्याला दिसतच नाही.

उत्तर २: वरचं बरोबर, पण खरा घोळ एक वाजेपर्यंतच्या जागरणाचा आहे. सरावाच्या दिवशी क्लास नको. घरी एक रचना, वीस मिनिटं, आणि साडेदहाला झोप. सारखं रडू येत असेल, जेवण सुटलं असेल, तर शाळेच्या समुपदेशकांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

उत्तर ३: खेळाडूंना दहावीत मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांसाठी स्पर्धेची प्रमाणपत्रं शाळेत वेळेवर द्या. प्रस्ताव शाळेमार्फतच जातो, आणि नावाचं स्पेलिंग चुकलं की अडकतो.