सोसायटीच्या इतिवृत्तातून फक्त ठराव वेगळे काढायचेत, ऑक हेडिंगच्या पुढे जातच नाहीये

नाइलाजाने_सेक्रेटरी
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीची २०११ पासूनची वार्षिक सभांची इतिवृत्तं टेक्स्ट फाइलमध्ये आहेत, वर्षाला एक फाइल, आधीच्या कमिटीतल्या एका काकांनी टाईप करून ठेवलेली (त्यांचे उपकारच). आता एका सभासदाने पत्र दिलंय की पार्किंगवर आजवर झालेले सगळे ठराव द्या, आणि ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यायचीये त्यामुळे ते आधीच लागणार. प्रत्येक ठराव साधारण असा आहे:

ठराव क्र. ७ : दुसऱ्या वाहनाचे पार्किंग शुल्क
(मग पाच-दहा ओळी मजकूर)
ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.
सूचक : ब विंग ३०२
अनुमोदक : अ विंग १०४

मला एका हेडिंगपासून पुढच्या हेडिंगपर्यंतचा मजकूर हवाय. ऑकमध्ये (awk, टेक्स्ट फाइलमधून हव्या त्या ओळी वेचणारा प्रोग्राम) पासून-पर्यंत लिहितात तसं /^ठराव क्र/,/^ठराव क्र/ दिलं (^ म्हणजे ओळीची सुरुवात) तर नुसत्या हेडिंगच्या ओळी येतात, खालचा मजकूर गायब. तेच सेडला (sed, तसाच दुसरा प्रोग्राम) दिलं तर मजकूर येतो पण एक ठराव आला की पुढचा नाही, परत त्याच्या पुढचा येतो. आधी नुसतं ^ठराव होतं, पण मग "ठराव सर्वानुमते मंजूर" वाल्या ओळीही पकडायला लागला म्हणून क्र जोडलं. कॉम्प्युटर माझा धंदा नाही, बँकेत आहे, कृपया सोपं करून सांगा.

टर्मिनलवाला_देवगड
दोन्ही प्रोग्राम बरोबर वागतायत, फक्त वेगवेगळे वागतायत. ऑक सुरुवातीची ओळ सापडली की त्याच ओळीवर शेवटही बघतो, तुमचं सुरुवात आणि शेवट एकच, म्हणून त्याच्या मते ठराव एका ओळीतच संपला. सेड शेवट शोधायला पुढच्या ओळीपासून सुरू करतो, म्हणून मजकूर येतो, पण क्र. ८ चं हेडिंग त्याने क्र. ७ चा शेवट म्हणून खर्ची घातलं ना, मग ८ ची सुरुवात कोण करणार? ९ आला की परत सुरू. त्यामुळे सगळे सम ठराव गेले.

शेवटाला /^अनुमोदक/ द्या, आजच्या आज काम होईल. पण एखाद्या ठरावाला अनुमोदक लिहायचा राहिला असेल (आणि राहिलेला असतोच) तर तो तुकडा पुढच्या ठरावाच्या अनुमोदकापर्यंत वाहत जाईल, दोन ठराव एकात. मी असं करत नाही. मी शेवट शोधतच नाही. एक आकडा शून्यावर ठेवायचा, हेडिंग दिसलं की तो एकने वाढवायचा, आणि आकडा शून्याहून मोठा असेल तर चालू ओळ त्या आकड्याच्या नावाच्या फाइलमध्ये टाकायची, बस. वरची हजेरी, गणपूर्ती वगैरे आपोआप वगळली जाते कारण तेव्हा आकडा शून्य असतो. ऑकमध्ये दोन ओळींचं काम आहे.

ऑकवाली
+१ वरच्याला. पण मराठी मजकूर आहे म्हणून अजून थोडं, मी याच्यावर दोन रविवार घालवलेत.

हेडिंगचा पॅटर्न सैल ठेवा, काकांनी १०-१२ वर्षं एकसारखं टाईप केलं असेल यावर माझा विश्वास नाही. असं काहीतरी:

^ *ठराव *(क्र|क्रमांक)[.]? *[०-९0-9]+ *[:ः–-]

शेवटच्या कंसात विसर्ग मुद्दाम घातलाय, कारण निम्मे लोक कोलनच्या जागी विसर्ग टाईप करतात आणि डोळ्याला फरक दिसत नाही. टिंबाला चौकोनी कंस कारण नुसतं टिंब म्हणजे कुठलंही अक्षर.

आता [०-९] ची गंमत. उबुंटू-डेबियन या लिनक्सवर ऑक म्हणून बऱ्याचदा मॉक (mawk, ऑकचाच एक प्रकार) असतो आणि तो अक्षर नाही, बाइट (साठवणीचा छोटा तुकडा) बघतो. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं फाइलमध्ये साठवायची नेहमीची पद्धत) तीन बाइटचं, त्यामुळे त्याच्यासाठी ० ते ९ ही रेंज भलतीच काहीतरी होते आणि एररही येत नाही, नुसतं चुकीचं उत्तर येतं. गॉक (gawk, अक्षरं ओळखणारा ऑक) इन्स्टॉल करा.

आणि "दुसऱ्या" शोधणार असाल तर सावध. हा शब्द दोन प्रकारे टाईप होतो: दुसऱ्या आणि दुसर्‍या. एकात नुक्तावाला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडणारा. स्क्रीनवर तंतोतंत सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. युनिकोड नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर ते एकसारखं करणं) केलं तरी हे एक होत नाहीत, आधी स्वतःच एकाचं दुसरं करून घ्यायला लागतं. मला "सर्व सभासदांच्या वाऱ्या" शोधताना कळलं हे.

पायथनप्रेमी_पुणे३०
पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत करा ना सरळ, एनकोडिंग (अक्षरं कशी साठवलीत ते) सांगता येतं. २०१९ च्या आधीच्या नोटपॅडने यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेल्या फाइलच्या अगदी सुरुवातीला न दिसणारी खूण असते, तिच्यामुळे पहिल्याच ओळीवर हेडिंग असेल तर ^ लागत नाही. एनकोडिंग यूटीएफ-८-सिग दिलं की ती जाते. आकड्यांचंही सुख आहे, बॅकस्लॅश-डी ला (पॅटर्नमध्ये "कुठलाही आकडा") देवनागरी आकडे कळतात आणि इंट ला (मजकुराची संख्या करणारं) "७" दिला तर 7 मिळतो.

फक्त शब्दांसाठी बॅकस्लॅश-डब्ल्यू (पॅटर्नमध्ये "शब्दातलं कुठलंही अक्षर") वापरू नका. पायथनचं नेहमीचं रेजेक्स (पॅटर्न शोधणारा भाग) मात्रेला अक्षर मानत नाही, "ठराव" चे "ठर" आणि "व" असे दोन तुकडे करतं. त्यासाठी वेगळं रेजेक्स नावाचं पॅकेज मिळतं.

टर्मिनलवाला_देवगड
@पायथनप्रेमी माणूस बँकेत आहे म्हणाला, त्याला पॅकेज इन्स्टॉल करायला लावू नका हो 😄 सेक्रेटरी साहेब, काढून झालं की मोजा मात्र. प्रत्येक वर्षाच्या शेवटच्या ठरावाचा क्रमांक आणि तुमच्याकडे तयार झालेल्या फाइल, दोन्ही जुळायला हवेत.

नाइलाजाने_सेक्रेटरी
झालं! गॉक टाकला, आकडा वाढवायची युक्ती वापरली. मोजले तर ३ कमी भरत होते. दोन फाइलमध्ये पहिल्याच ओळीवर हेडिंग होतं, ती न दिसणारी खूण निघाली, आणि २०१६ मध्ये काकांनी एके ठिकाणी "ठाराव" लिहिलंय, तो हाताने काढला. पार्किंगसाठी पार्क[िी]ंग|वाहनतळ असं शोधलं कारण तिन्ही सापडले. दुसऱ्या वाहनाचे शुल्क २०१४ मध्येच ठरलेलं होतं, पत्र देणारे सभासद स्वतःच त्याचे सूचक आहेत.

ऑकवाली
😂 ती फाइल सभेच्या नोटिशीला जोडा.