लूर्दहून नातेवाइकांसाठी काय आणावं?

कुणीतरी लिहिलंय की लूर्दच्या, म्हणजे फ्रान्समधल्या त्या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या, दुकानांत सगळा प्लास्टिकचाच माल, त्यामुळे काही घेऊच नये. मला हे पटत नाही. तिथल्या झऱ्याचं पाणी भरलेली, पवित्र मारियेच्या आकाराची बाटली, जिचा निळा मुकुट म्हणजेच झाकण, वसईत आमच्या मावशीच्या देव्हाऱ्यावर गेली कित्येक वर्षं आहे. घरात कुणी आजारी पडलं की ती मुकुट फिरवून दोन थेंब कपाळाला लावते. तिला दुसरी कुठलीही भेट इतकी प्रिय नाही.

१८५८ मध्ये बर्नादेत नावाच्या मुलीला मारियेचं दर्शन झालं त्या गुहेजवळच्या नळांना झऱ्याचं पाणी फुकट मिळतं. त्यामुळे दुकानातून रिकाम्या बाटल्याच घ्या, लहान घेतल्या तर जास्त जणांना पुरतील. भरल्यावर झाकणाला चिकटपट्टी लावून चेक-इन बॅगेत ठेवा. १०० मिलीपेक्षा मोठी बाटली केबिनमध्ये सहसा नेऊ देत नाहीत.

आणि हो, रोझरी (जपमाळ) किंवा गळ्यात घालायचं मेडल विकत घेतलं म्हणजे ते आशीर्वादित झालं असं नाही. तिथेच एखाद्या फादरांकडून आशीर्वाद घ्या. वेळ नाही मिळाला, तर गावी परतल्यावर आपल्या चर्चमध्येही चालतं. पण देताना ज्याच्या त्याच्या नावाने गुहेपाशी प्रार्थना केली, हे आवर्जून सांगा. मावशीने बाटलीआधी तेच विचारलं होतं.