'यिंगश्योंग'ला मराठीत काय म्हणायचं? वीर, नायक की हिरो?

मंडळी, झांग यिमोऊचा २००२ चा 'हिरो' (जेट ली, टोनी लिऊंग, मॅगी चेउंग वाला) मित्रांना दाखवायचाय म्हणून मराठी सबटायटल करायला घेतलेत आणि पहिल्याच शब्दाला अडलोय. मूळ चिनी नाव यिंगश्योंग. मराठीत हिरो म्हटलं की गॉगलवाला डोळ्यासमोर येतो, हिरोगिरी हा तर सरळ टोमणाच. नायक म्हणजे गोष्टीतला मुख्य माणूस, पण इथे एकच हकीकत आधी लाल, मग निळ्या, मग पांढऱ्या कपड्यात सांगितलीय आणि दर वेळी माणसं वेगळीच निघतात, मग मुख्य कोण म्हणायचं? वीर म्हटलं तर रणात लढून पडणारा. (शेवट सांगतोय, पाहिला नसेल तर पुढे वाचू नका.) इथे तर राजा दहा पावलांवर असताना, मारणं सहज जमत असताना हात आवरणारा माणूस यिंगश्योंग ठरतो. काय वापरू?

*

यिंगश्योंग हा जोडशब्द आहे आणि चिनी लोकांनी स्वतःच त्याची फोड करून ठेवलीय. तिसऱ्या शतकात ल्यू शाओ नावाच्या लेखकाने माणसं कशी पारखायची यावर ग्रंथ लिहिला, त्यात तो म्हणतो वनस्पतीतलं जे सर्वात उत्तम ते यिंग आणि जनावरांच्या कळपात जे उठून दिसतं ते श्योंग. मग माणसाला लावताना यिंग म्हणजे बुद्धीची झेप आणि श्योंग म्हणजे छातीचा जोर. उदाहरणंही देतो, चांग ल्यांग हा मसलत देणारा तो यिंग, हान शिन हा सेनापती तो श्योंग, आणि दोन्ही अंगं असल्याशिवाय माणूस मोठी कामं करू शकत नाही. म्हणजे विचार हा त्या शब्दाचा अर्धा भागच आहे. नुसतं शूर किंवा पराक्रमी लिहिलंत तर श्योंग येईल, यिंग राहून जाईल.

*

मग वीरच घ्या की! वीर म्हणजे फक्त लढणारा हे आपण शाळेतल्या धड्यांमुळे धरून बसलोय. साहित्यदर्पण या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात वीररसाचे चार प्रकार दिलेत, दानवीर, धर्मवीर, युद्धवीर आणि दयावीर. नाट्यशास्त्रातही दान, धर्म, युद्ध असे तीन आहेतच. म्हणजे आपल्याकडे शस्त्र न उचलता वीर होता येतं ही कल्पना शेकडो वर्षं आहे आणि कर्णाला दानवीर म्हणताना कुणी अडखळत पण नाही. जेट लीचं पात्र सुरुवातीला युद्धवीर वाटतं आणि शेवटी दयावीर होतं, शब्द तोच राहतो, यापेक्षा चांगलं काय हवंय.

फक्त एक अडचण. वीर मुळात पुरुषवाचक (श्योंगचा अर्थही नर असाच), आणि या सिनेमात फेइश्वे आणि रूयुए या दोघी इतक्या ताकदीच्या आहेत, पिवळ्या पानांच्या जंगलातली त्यांची लढाई आठवा, पानं एका क्षणात लाल होतात. वीरांगना लिहिलं की वेगळी जात केल्यासारखं होतं. मी तर दोघींनाही वीरच लिहीन.

*

तुम्ही सगळे यिंगश्योंगवर बोलताय पण या प्रकारच्या सिनेमाला वूश्या म्हणतात त्यातला 'श्या' कुणी घेतलाच नाही. वू म्हणजे शस्त्रविद्या आणि श्या म्हणजे राजाचा हुकूम न मानता दिल्या शब्दासाठी जीव टाकणारा. सिमा छ्यानने इतिहास लिहिला त्यात अशा भटक्या श्यांवर वेगळं प्रकरण आहे, मारेकऱ्यांवर वेगळं, आणि त्या मारेकऱ्यांतच जिंग क आहे ज्याने इ.स.पू. २२७ मध्ये सिनेमातल्या याच राजावर, म्हणजे छिन राज्याच्या राजावर खंजीर उपसला होता. हान फेइ या जुन्या विचारवंताने तर तक्रारच केलीय की पंडित लेखणीने कायदा बिघडवतात आणि श्या शस्त्राने मनाई मोडतात. आता बघा, हा माणूस घरातून श्या म्हणून निघतो आणि राजापुढे यिंगश्योंग होतो. दोन्हीला वीर लिहिलंत तर सिनेमाचा कणाच गेला. श्याला बंडखोर पण चालत नाही, त्यात 'दिल्या शब्दाला जागणारा' हे येत नाही. मी श्या तसाच ठेवून पहिल्या वेळी एका ओळीत अर्थ देईन.

*

'दहा पावलं'बद्दल. चिनी शब्द आहे 'बू' आणि जुन्या मापात एक बू म्हणजे डावा उजवा मिळून दोन पावलं. छिनने सहा छ्ऱचा एक बू ठरवला होता, छ्ऱ साधारण २३ सेंटिमीटर, म्हणजे एक बू जवळजवळ १.४ मीटर आणि दहा बू १४ मीटर. पण पाऊलच ठेवा, कारण हा आकडा कवितेतून आलाय. ली बाय या जुन्या चिनी कवीच्या कवितेत श्या दहा पावलांत एक माणूस मारतो आणि हजार कोस थांबत नाही, आणि ली बायने ते च्वांगत्स या प्राचीन विचारवंताच्या ग्रंथातल्या तलवारीवरच्या प्रकरणातून उचललं. ते प्रकरण पण वाचा, त्यात तलवारबाजीच्या नादी लागलेल्या चाओ राज्याच्या राजाला च्वांगत्स सांगतो तलवारी तीन, सम्राटाची, सरदाराची आणि साध्या माणसाची, आणि सम्राटाची तलवार म्हणजे अख्खा मुलूख. सिनेमातले दोघं प्रेमिक, फेइश्वे आणि त्सानज्येन, चाओचेच, आणि राजा 'तलवार' या अक्षराच्या लिखाणात जो अर्थ वाचतो तो याच वाटेने जातो असं मला फार वाटतं.

*

खरा अवघड शब्द पुढेच आहे, तियानश्या. त्सानज्येन वाळूत दोन अक्षरं काढतो ती हीच, आकाश आणि खाली. अमेरिकेत २००४ ला सिनेमा आला तेव्हा सबटायटलमध्ये 'आपली भूमी' अशा अर्थाचं काहीतरी घातलं होतं आणि मला ते चूक वाटतं. 'आपली' आलं की बाहेरचा आलाच, तियानश्यामध्ये बाहेर काही नाही. देश नको, राष्ट्र तर अजिबात नको. 'आभाळाखालचं सगळं' हे मराठीत सरळ बसतं. पण हे गोड लिहून ठेवू नका. हा राजा पुढे इ.स.पू. २२१ ला सगळी राज्यं गिळून शिहुआंग, म्हणजे पहिला सम्राट झाला आणि २१३ ला ग्रंथ जाळायचा हुकूमही याच्याच राज्यात निघाला. सिनेमात तो म्हणतो एका अक्षराची एकोणीस रूपं कशाला, एकच ठेवू, आणि इतिहासात लिपी खरंच एक केली गेली. मला त्या सीनमध्ये आनंद पण होतो आणि भीती पण वाटते. आभाळाखालचं सगळं एकाचं झालं तर त्यात चाओच्या त्सानज्येनने लिहिलेलं 'तलवार'चं विसावं रूप कुठे जाणार? म्हणून शब्द असा हवा की शांतता आणि सत्ता दोन्ही ऐकू येतील.

*

ज्येनला नुसती तलवार लिहू नका एवढंच. ज्येन सरळ आणि दुधारी, आपली तलवार बाकदार. खांडा सरळ असतो पण रुंद नि जड. निदान पहिल्यांदा 'सरळ तलवार' लिहा.

*

सगळ्यांचे आभार, वाचून कामाला लागलो. शीर्षक 'वीर', दोघींनाही वीर, श्या तसाच, तियानश्याला 'आभाळाखालचं सगळं', पण दरबारात राजाच्या तोंडी आला तर 'आभाळाखालची सत्ता' करतोय, एकच शब्द दोघांच्या तोंडी दोन तऱ्हेने यावा म्हणून. आता नावं राहिली. जेट लीच्या पात्राचं नाव वूमिंग, नाव नसलेला. निनावी म्हटलं की पत्र आठवतं, अनामिक कवितेतलं वाटतं, मी अनाम धरलंय. आणि त्सानज्येनला 'भग्नखड्ग' फार पुस्तकी होतंय, बोलताना म्हणता येईल असं कुणाला सुचतंय का?