कॉपर-अ‍ॅल्युमिनियमचा लेसर वेल्ड तुटतोय, हीटमुळे का?

प्रश्न: बॅटरी टॅबसाठी (सेल जोडायच्या धातूच्या पट्ट्या) कॉपरवर अ‍ॅल्युमिनियम ठेवून लेसर वेल्ड करतोय, वरून बीड (वेल्डची रेघ) एकदम मस्त दिसतो पण जरा वाकवलं की काचेसारखा कट्कन तुटतो आणि पॉवर वाढवली तर अजूनच वाईट. कुणाला अनुभव?

उत्तर १: हीटच आहे ती. अ‍ॅल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, कॉपर १०८५ला, दोन्ही जास्त वेळ लिक्विड राहून मिसळले की मध्ये ठिसूळ इंटरमेटॅलिक (दोन्ही धातूंच्या संयुगाचा) थर जाड होत जातो, तडा तिथूनच. पॉवर नको, लेसर पुढे सरकवायचा स्पीड वाढवा.

उत्तर २: बरोबर. कॉपर अगदी थोडंच वितळू द्या. तुटलेला पीस कापून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली बघाच, जॉइंटजवळ तोच थर वेगळ्या पट्ट्यासारखा दिसेल.

प्रश्नकर्ता: धन्यवाद, स्पीड वाढवून सेक्शनचे फोटो टाकतो.