मदत हवी आहे: कुत्र्याची अ‍ॅलर्जी आहे पण कुत्रा सोडायचा नाहीये

नमस्कार मंडळी, पुण्यात २ बीएचके आहे आमचा. गेल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये भिजत बसलेलं गावठी पिल्लू लेक उचलून घरी घेऊन आली, आता तो चांगला १८ किलोचा झालाय आणि घरचाच झालाय. प्रॉब्लेम माझा. सकाळी उठलं की सटासट शिंका, डोळे चुरचुरतात आणि त्याने हात चाटला की तिथे लगेच गांध्या उठतात. स्किन प्रिक टेस्टमध्ये (त्वचेला बारीक टोचून करतात ती अ‍ॅलर्जीची चाचणी) कुत्र्याची अ‍ॅलर्जी पॉझिटिव्ह आली. डॉक्टर म्हणाले दोष केसांचा नाही, लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रोटीनचा आहे, म्हणजे त्याचं टक्कल करून उपयोग नाही (सासूबाईंनी सुचवलं होतं!).

सध्या रात्री सेटिरिझिन (अ‍ॅलर्जीची गोळी) घेते पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेंग येते. बेडरूममध्ये त्याला बंदी केलीये, तर दाराबाहेर असा काही केविलवाणा रडतो की शेवटी मीच दार उघडते, काय करणार.

तर विचारायचं असं की हेपा फिल्टरवाला (हवेतले अगदी बारीक कण अडवणारा) एअर प्युरिफायर खरंच कामाचा आहे का, की खिडक्या उघड्या ठेवणाऱ्यांचे पैसे पाण्यात? आठवड्यातून दोनदा आंघोळ घातली तर त्याची कातडी कोरडी पडेल का? आणि इम्युनोथेरपीची इंजेक्शनं (शरीराला हळूहळू अ‍ॅलर्जीची सवय करणारी) कोणी घेतलीयेत का, ३ वर्षं तरी चालतात म्हणे, फरक कधीपासून जाणवला? हल्ली छातीत कधीकधी घरघर होते, त्यासाठी परत डॉक्टरांकडे जातेच आहे, पण जरा घाबरलेय.

"देऊन टाका कुणाला तरी" हा सल्ला प्लीज नको, तो नातेवाईकांकडून रोज मिळतो.